मामांच्या घामाची ट्रायल

मी टेम्पोतून उतरले आणि माझाच मंडप मला ओळखू येईना. सकाळी मी तो चारी बाजूंनी उघडा सोडून गेले होते. आता त्याला चारी बाजूंनी पडदे होते, पडद्यांच्या बाहेरून निळी ताडपत्री होती आणि ताडपत्री जिथे जमिनीला टेकत नव्हती तिथे भाताचा पेंढा कोंबलेला होता. आतून चार जंबो कूलर घरघरत होते. बाहेर आंब्याखाली निम्मं गाव उभं होतं. मे महिना, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं, आणि आत एक माणूस सूट घालून एकटाच बसला होता.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"पाच मिन्टं," माझा वायरमन संतोष म्हणाला. "वैनी, मी सांगत व्हतो. पन माजं ऐकतंय कोन?"

आत बसलेला माणूस म्हणजे जनार्दन मामा. खर्डीचे, नवऱ्यामुलाचे सख्खे मामा. आपल्याला घाम येतो की नाही, हे बघायला ते बसले होते. यात चेष्टा अजिबात नव्हती. त्यांच्या घामावर एक लग्न अडलं होतं.

मी मुरबाडला मंडप डेकोरेशनचं काम करते. धंदा मूळ नवऱ्याचा. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तीन महिन्यांसाठी म्हणून सांभाळायला घेतला. त्याला सतरा वर्षं झाली. गुडघा केव्हाच बरा झाला, पण धंदा त्याने परत मागितला नाही आणि मी दिला नाही.

हे गाव सिद्धगडाच्या बाजूला. मुलीचे वडील बाळारामदादा, भातशेतीवाले. धाकटी मुलगी सोनल हिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा याच अंगणात पत्र्याच्या शेडखाली झाला आणि अंगठी घालता घालता नवरामुलगा आडवा झाला. अंगठी अर्ध्या बोटात, मुलगा पूर्ण जमिनीवर. उकाड्याने चक्कर आली होती, दुसरं काही नाही. तोंडावर पाणी मारलं, उठला, उरलेली अंगठी घालून घेतली. पण वरपक्षाने तिथल्या तिथे सांगितलं की लग्न कल्याणला, एसी हॉलमध्ये. वऱ्हाड आम्ही भाजून घेणार नाही.

दादा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने माझ्याकडे आले. चहा समोर ठेवला, तो तसाच राहिला.

"वैनी, मोठीनं कल्यानला सही करून लगीन केलं. माज्या दारात मांडव पडला नाय. आता ही एकच राह्यली. हिचाबी मांडव कल्यानला गेला तं माज्या दारात पयला मांडव मी मेल्यावरच पडंल. आन् तो बघायला मी नसनार."

मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. आमच्याकडे 'दारात मांडव पडणं' म्हणजे काय, हे हॉलवाल्यांना समजावता येत नाही. हॉल भाड्याने मिळतो. दार मिळत नाही.

मग बोलणी झाली आणि बोलण्यांतून हे मामा निघाले. ठाण्याला कंपनीत क्वालिटीच्या डिपार्टमेंटला आहेत. कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय पास करायची नाही, हा त्यांचा स्वभाव झालेला.

"आमच्या खानदानात सगळ्यात जास्त घाम कोणाला येतो? मला," ते अभिमानाने म्हणाले. "सिंपल सिस्टिम. मुहूर्त बारा पस्तीसचा. मी लग्नाच्या आधी कुठल्यातरी सुट्टीच्या दिवशी त्याच टायमाला, सूट घालून, अर्धा तास मंडपात बसणार. मी सुका राहिलो तर वऱ्हाड सुकं राहणार. नाय राहिलो तर कल्याण."

दादांनी हात जोडून मान्य केलं. मीही मान हलवली. तेवढ्याने काम होईल असं मला खरंच वाटलं होतं.

आता कूलरबद्दल थोडं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातला आहे. कूलर म्हणजे एसी नव्हे. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणून दारं बंद लागतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढतो. ओली जाळी सुकते तशी हवा गार होते आणि ओलावा घेऊन आत येते. ती ओली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर गेलीच पाहिजे. नाही गेली तर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली होत राहते, अंगावरचा घाम सुकायचा थांबतो आणि माणूस भांड्यातल्या मोदकासारखा शिजतो. म्हणून कूलर वाऱ्याच्या बाजूला ठेवायचे आणि समोरची बाजू उघडी सोडायची. हे मला सतरा वर्षांत कळलं आणि संतोषला मी सांगायच्या आधीपासून ठाऊक होतं.

अडचण संतोषचीच होती. माझ्याकडे लाइटचं काम तोच करतो, आणि दादांची मोठी मुलगी मनीषा हिने सही करून लग्न केलं ते याच संतोषशी. दादांना शेतीवाला जावई हवा होता. वायरमन नको होता. लग्नाला तीन वर्षं झाली तरी दादा त्याच्याशी शब्द बोलत नव्हते. मी त्याला मुद्दाम आणला नव्हता. पण टाळला पण नव्हता, हे कबूल करते.

त्या घरी पहिल्या दिवशी काम कसं चाललं ते ऐका. दादा, मी आणि संतोष एका वाशाभोवती उभे. दादा मला म्हणायचे, "वैनी, त्याला सांगा, वायर जरा वर घे." संतोष हातभर अंतरावर. मी मान वळवून म्हणायचे, "संतोष, वायर वर घे." संतोष म्हणायचा, "वैनी, त्यांना सांगा, घेतली." मी परत मान वळवायची. संध्याकाळपर्यंत माझी मान धरली.

ट्रायलच्या दिवशी, म्हणजे रविवारी, शहापूरला माझा दुसरा मंडप उतरत होता. सकाळी मी इकडचं सगळं लावून तिकडे गेले. मी गेले आणि दादांच्या मनात आलं की आपली गार हवा फुकट बाहेर चालली आहे. कल्याणच्या हॉलची दारं बंद असतात, मग आपली उघडी का? गावालाही पटलं. ज्याच्या घरात जी ताडपत्री होती ती आली. संतोष ओरडून ओरडून सांगत होता की बाजू बंद करू नका, आत वाफ होईल. पण दादा त्याच्याशी बोलत नव्हते, तर त्याचं ऐकणार कसे? निरोप सांगायला मी नव्हते. त्याने मला अकरा फोन केले. मधल्या रस्त्याला रेंज नसते.

दादांनी वर आणखी एक केलं होतं. मुरबाडहून बर्फाच्या सहा लाद्या आणून मामांच्या खुर्चीभोवती गोल मांडल्या होत्या.

मी पडदा बाजूला करून आत डोकं घातलं. चष्म्यावर वाफ धरली, काही दिसेना. चष्मा काढला. आत पांढरं धुकं होतं. वर माझं लाडकं लाल सॅटिनचं सीलिंग होतं, जे मी प्रत्येक फोटोत दाखवते. ते ओलं होऊन खाली झोळीसारखं आलं होतं आणि त्यातून थेंब गळत होते. लाल थेंब. त्या कापडाचा रंग जातो, हे मला त्या दिवशी कळलं. बर्फ वितळून खाली चिखल झाला होता, खुर्चीचे मागचे दोन पाय त्यात रुतले होते. मामा त्या कललेल्या खुर्चीत आभाळाकडे तोंड करून बसले होते. त्यांचा फिकट राखाडी सूट खांद्यापासून छातीपर्यंत गुलाबी झाला होता.

"मामा, उठा," मी म्हटलं.

"अजून बावीस मिनिटं बाकी आहेत," मामा म्हणाले. "ट्रायल अर्धी सोडायची नाय."

आणि ते बसले! माणूस नियमाचा पक्का. आम्ही कूलर बंद केले, ताडपत्र्या ओढून काढल्या, तरी ते घड्याळ बघत बसून राहिले. अर्धा तास झाल्यावर उठले, कोट काढला आणि पिळला. दादांनी तोंड फिरवलं. आंब्याखाली कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

"फेल," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच दादा जास्त खचले. खुर्चीवर बसायला गेले आणि चिखलात बसले. कुणी उचलायलाही धजेना.

मग मी मामांना बाजूला नेलं. त्यांना सांगितलं की मंडप तपासला गेलाच नाही. मी लावलेला मंडप वेगळा, तुम्ही बसलात तो वेगळा. तुमच्या कंपनीत कुणी मशीन उलटं लावलं आणि माल खराब निघाला, तर तुम्ही मशीनला फेल करता का? मामांनी विचार केला. हा मुद्दा त्यांच्या खात्यातला होता.

"गुरुवारी रजा टाकतो," ते म्हणाले. "रिट्रायल. पण या वेळी पूर्ण कंडिशनमध्ये. रिकाम्या मंडपात नाय. माणसं पायजेत. आणि मंगलाष्टकं. आमच्या तीन आत्या आहेत, स्वतः रचलेल्या मंगलाष्टका माइकवर म्हणतात, कोणी माइक काढून घेऊ शकत नाय. खरा घाम मला तेव्हा फुटतो."

माणसांचं बोलले ते बरोबरच होतं. दोनशे माणसं बसली की त्यांच्या अंगाची ऊब वेगळी. एवढी वर्षं मंडप लावून मी कधी भरल्या मंडपात पूर्ण वेळ बसून बघितलं नव्हतं. मी अक्षता पडायच्या आधीच पुढच्या कामावर निघालेली असते.

तीन दिवसांत मंडप नव्याने उभा केला. सॅटिन उतरवलं. उतरवताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू. त्याच्या वरची ताडपत्री पण काढली, कारण ती तापते आणि खालच्या कापडात गरम हवा कोंडून ठेवते. वर नुसत्या बांबूंची चौकट केली. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत जांभळीच्या फांद्या आणून मांडवावर टाकायची आमच्याकडे रीतच आहे. मांडवडहाळे म्हणतात. हल्ली सॅटिनच्या मंडपाला एक फांदी सुतळीने बांधतात आणि रीत झाली म्हणतात. मी दादांना म्हटलं, एक फांदी नको, हातभर जाड थर द्या. पानांतून वारा जातो, ऊन येत नाही.

"ट्रायलला डहाळं कशी आनायची?" दादा म्हणाले. "ती लग्नाला आनतात."

"वाजंत्री न लावता आणा. म्हणजे ती नुसती सावली. लग्नाला परत ताजी आणू."

पटलं. बांधावरच्या चार जांभळींच्या फांद्या आल्या. दोन बायका बसवून एकूण एक जांभूळ तोडून घेतलं, कारण मामांचा हा दुसरा आणि शेवटचा सूट होता. कूलर चाराचे दोन केले, पश्चिमेकडे, वाऱ्याच्या अंगाला. बाकी तिन्ही बाजू उघड्या. आणि दादांना बजावलं की कुणी एक पडदा जरी सोडला तर मी टेम्पो भरून निघून जाईन.

गुरुवारी गाव लोटलं. लग्न नव्हतं, जेवण नव्हतं, तरी माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. खर्डीहून तिन्ही आत्या आल्या, हातात वह्या. मामा बरोबर बारा पंचवीसला जागेवर बसले. गुरुजींनी माइक हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"समोर कुणी उभं नाही. नुसत्या पाटांवर मंगलाष्टकं म्हणता येणार नाहीत."

"सोनलला उभी करा," कुणीतरी म्हणालं.

"नवरा कुठाय?" गुरुजी म्हणाले. "आणि एकदा म्हटली की लग्न लागलं. परत लावता येत नाही. उभं करायचं तर आधी लग्न झालेलं जोडपं पाहिजे."

झालं. आता जोडपं शोधा. एका आजोबांना विचारलं तर आजीच काठी घेऊन उठल्या, "या वयात माजी हौस करता काय रं?" दुसरे दोघं आपसांत बोलत नव्हते. घड्याळात बारा एकतीस झाले. मामा अस्वस्थ झाले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मनीषा आईला मदत करायला आली होती आणि संतोषला पाण्याचा तांब्या देत कूलरजवळ उभी होती.

"ते कूलरवाले," मामा म्हणाले. "ती मिसेस ना तुमची? या इकडे दोघं, फास्ट."

मामांना काही माहीत नव्हतं. ते बिचारे टाइम बघत होते. सगळं गाव मात्र दादांकडे बघत होतं. दादांनी मला डोळ्यांनी विचारलं, काय करू? मी काय सांगणार? नाही म्हणावं तर ट्रायल गेली आणि धाकटीचा मांडव कल्याणला गेला. हो म्हणावं तर ज्या लग्नाला तीन वर्षं नाही म्हटलं ते आज आपल्याच दारात लागतंय. दादा खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "वैनी, त्यांना सांगा, उभं ऱ्हावा."

मी सांगितलं. संतोषने हातातला टेस्टर खिशात घातला, केस पाण्याने बसवले. मनीषाने ओढणी डोक्यावर घेतली. अंतरपाटाला काही मिळेना, शेवटी माझं उतरवलेलं लाल सॅटिन गावातल्या दोघांनी मधे धरलं. दादांची बायको घरातून ताट घेऊन आली. त्यात खऱ्या, कुंकू लावलेल्या अक्षता होत्या. इतक्या लवकर तिने त्या कधी केल्या, हे मी तिला विचारलं नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींची झाली, मग आत्यांची. पहिल्या आत्यांनी नवरीला सीता म्हटलं. दुसऱ्या आत्यांनी वहीतलं नाव बदलायला विसरून सोनलच्या नवऱ्यामुलालाच आशीर्वाद दिले. तिसऱ्या आत्यांना दोन्ही नावं माहीत नव्हती, त्यांनी 'कूलरवाले' हेच वृत्तात बसवलं. कुणी हसलं नाही. दर 'सावधान'ला अक्षता पडत होत्या. दादांनी मूठ भरून घेतली होती, पण मूठ उघडत नव्हती. खांबाकडे तोंड करून उभे होते. शेवटच्या 'शुभमंगल सावधान'ला सॅटिन बाजूला झालं तेव्हा ते वळले. मूठ उघडली, अक्षता टाकल्या आणि रडले. तोंडावर उपरणं धरून, मोठ्याने, सगळ्या गावासमोर. मनीषा जागची हलली नाही, ती तिथेच उभी रडत होती. माझेही डोळे भरले. मंडपवाल्या बाईने गिऱ्हाइकाच्या लग्नात रडू नये, पण हे लग्न ऑर्डरमध्ये नव्हतं.

दोन आज्या पुढे होऊन मनीषाला नारळ आणि ब्लाउजपीस देऊन पण गेल्या.

मग कुणालातरी मामांची आठवण झाली. निकाल त्यांच्याकडे होता. मामा खुर्चीत मान टाकून गाढ झोपले होते. कोटाची तिन्ही बटणं लावलेली, तोंड उघडं, बारीक घोरणं चालू. पहिल्या आत्यांच्या सीतेलाच डोळा लागला असणार. आत्या म्हणाल्या, उठवू नका, तो कधी दुपारचा झोपत नाही. दोनशे माणसं एका माणसाच्या झोपेभोवती दम धरून उभी राहिली. मी वाकून त्यांच्या कपाळाला हात लावला. कोरडं ठाक. कॉलरच्या आत बोट घातलं. तिथेही कोरडं.

दादांनी डोळे पुसले. कूलरचा झोत सरळ मामांच्या छातीवर येत होता. दादा संतोषकडे वळले. माझ्याकडे नाही.

"जावई," ते म्हणाले, "तो कूलर जरा फिरवा. मामांना सर्दी व्हईल."

"व्हय," संतोष म्हणाला आणि कूलर फिरवला.

मामा पावणेदोनला उठले, घड्याळ बघितलं, काखेत हात घालून तपासला आणि म्हणाले, "पास."

दहा दिवसांनी त्याच मांडवाखाली, ताज्या डहाळ्यांनी, सोनलचं लग्न लागलं. नवरामुलगा शेवटपर्यंत उभा राहिला. उकाड्यातल्या लग्नात माणसं जेवली की पळतात, म्हणून पंगतींचा हिशेब बसतो. इथे गारव्यात कुणी उठेचना. पहिल्या पंगतीची माणसं जागेवरच लवंडली, दुसरी पंगत तासभर उभी राहिली, शेवटची साडेचारला उठली. आचारी माझ्यावर ओरडला. तो एक दोष या पद्धतीत आहे.

निघताना सोनल गाडीत बसता बसता दादांवर रुसली. "ताईच्या टायमाला रडलात. माज्या लग्नात नुसते हसताय."

"तिचं तीन वर्सांचं साठलं व्हतं गो," दादा म्हणाले. "तुजं काय साठूच दिलं नाय."

त्यानंतर मी उन्हाळ्याच्या प्रत्येक ऑर्डरला ट्रायल घेते. मुहूर्ताच्याच वेळेला घेते, बाजू उघड्या ठेवते आणि घरच्या सगळ्या माणसांना बसवते, बोलत असलेल्या आणि नसलेल्याही. रिकाम्या मंडपात बसून काही कळत नाही.